ऑकलंड-मुंबई थेट विमान कधी?

पेनरोजहून ऑकलंड विमानतळ गाडीनं जेमतेम अर्ध्या तासावर. तिथून मुंबई सरळ अंतरानं सुमारे १२,३०० किलोमीटर. थेट विमान असतं तर पंधरा-सोळा तासांत घर गाठलं असतं. पण सिंगापूर नाहीतर सिडनीला विमान बदलत वीस-बावीस तास सहज मोडतात. अंतर जास्त म्हणावं, तर ऑकलंड-न्यूयॉर्क १४,२०० किलोमीटर. तरी २०२२पासून थेट सेवा सुरू झालीच ना? मार्च २०२५मध्ये एअर इंडिया आणि एअर न्यूझीलंड यांच्यात करार झाला. २०२८अखेरपर्यंत थेट सेवेची शक्यता तपासणार, तीही नवी विमानं आणि परवानग्या मिळाल्या तर. तोवर गावाहून अपरात्री फोन आला, की अंत्यदर्शन मिळेल का, याचाच हिशोब आम्ही मांडत बसतो. करार करणाऱ्यांनी हे तासही मोजावेत.