आधी कापड, मग माप

गोधडी विशेषांकाची घोषणा केल्यापासून आलेल्या पत्रांत एक मागणी सारखी पुढे येते आहे: मापे द्या. चौकोन किती इंचांचे कापायचे, पट्ट्या किती, कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग, कापड किती मीटर लागेल, आणि जमल्यास पूर्ण आकाराचा कागदी नमुना. मागणी रास्त आहे. झबल्याचा, परकराचा, पिशवीचा नमुना आपण नेहमी देतो, मग गोधडीनेच काय घोडे मारले आहे? यावर संपादक मंडळात बरीच चर्चा झाली आणि शेवटी असे ठरले, की घरातल्या जुन्या कपड्यांच्या गोधडीचा एकही मापबद्ध नमुना या अंकात छापायचा नाही. काही वाचक यावर नाराज होतील याची कल्पना आहे. म्हणून कारणे मोकळेपणाने मांडतो.

कापड सगळीकडून सारखेच आहे, असे धरून नमुना बेतलेला असतो. ताग्यातून फाडून आणलेल्या नव्या सुती कापडाबद्दल ते खरेही आहे. वर्षानुवर्षे नेसलेल्या लुगड्याबद्दल मात्र ते कधीच खरे नसते. काठ घट्ट विणीचा, तो शेवटपर्यंत तग धरतो. बसण्या-उठण्यात घासला जाणारा भाग आधी विरतो. पाचवारी साडीचा आत गुंडाळला जाणारा भाग उन्हात येत नाही, त्यामुळे तिथला रंग मूळचा राहतो, आणि फॉल लावलेल्या जागी खालची कड शाबूत असते. सदऱ्याची कॉलर, कोपरे, मनगटे जातात, पण पाठीवरचा दुहेरी कापडाचा भाग धडधाकट असतो. खिसा उसवला की त्याच्याखाली गडद चौकोन दिसतो. पॅन्ट गुडघ्यावर झिजते, पोटरीवर नाही. अशा कपड्यांचे सरसकट सहा इंची चौकोन कापले, की धड तुकडा आणि विरलेला तुकडा शेजारी शेजारी येतात. पहिल्या एक-दोन धुण्यांतच विरलेला तुकडा शिवणीलगत फाटतो, कारण धड कापड आणि पक्का दोरा त्याला दोन्हीकडून ओढत असतात. अशी गोधडी दिसायला देखणी असते आणि वर्षभरात ठिगळाला येते.

गोधडीही सगळीकडून सारखी झिजत नाही. उशाकडची कड रोज मुठीत धरून ओढली जाते, कडा जमिनीला आणि पलंगाला घासतात, मधल्या भागावर त्या मानाने ओढ कमी. म्हणून काठाच्या, पाठीच्या, जाड विणीच्या पट्ट्या कडांना आणि उशाकडे जायला हव्यात. मऊ पडलेले पण अजून धड असलेले कापड मध्ये. विरलेले आत, भरणात. जुन्या गोधड्यांत एका कडेला अचानक गर्द हिरवी रुंद पट्टी येते आणि तिला उत्तर देणारी दुसरी पट्टी कुठेच नसते, ती बहुतेक वेळा अशा हिशेबातून आलेली असते. त्यातला असमतोल आपल्याला सुंदर वाटतो, पण त्याच्या मुळाशी कापडाची पारख आहे. ही पारख आम्हाला शिकवायची आहे. तयार माप हातात पडले, की तिची गरजच उरत नाही, आणि गरज उरली नाही की ती येतही नाही.

रचनेचा आराखडा नसला म्हणजे शिस्त नसते, असा एक समज अलीकडे पसरला आहे. मनात येईल तसे तुकडे जोडा, सगळे छानच दिसते, असे सांगणारेही भेटतात. हे आम्हाला अजिबात मान्य नाही. मनाने रचलेल्या गोधडीत मापाची शिस्त नसते, म्हणून तर टाक्याची आणि क्रमाची शिस्त दुप्पट लागते.

आपल्याकडे अनेक ठिकाणी गोधडीचा धावदोरा कडेने सुरू होतो आणि चौकोनात फिरत फिरत मध्यभागी येतो. आजच्या क्विल्टिंगच्या वर्गांत नेमके उलटे शिकवतात: मध्यापासून बाहेर जा, म्हणजे थरांतला फुगा बाहेर सरकत जातो आणि कडेने निघून जातो. कारण बरोबर आहे. कडेने आत येताना सैल राहिलेले कापड कोंडले जाते आणि मध्यभागी चुणी पडते. मग आपल्या बायकांची गोधडी सपाट कशी बसते? एक उत्तर पूर्वतयारीत आहे. थर सारवलेल्या जमिनीवर ताणून अंथरायचे, चारी बाजूंनी बसून लांब कच्च्या टाक्यांनी टाचून घ्यायचे, आणि तो टाका शेवटपर्यंत काढायचा नाही.

दुसरे उत्तर उत्तर कन्नड जिल्ह्यात सापडते. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या तालुक्यांत सिद्दी समाजाची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, आणि त्यांच्यातल्या अनेकांची घरची बोली कोकणीला जवळची आहे. त्यांच्या बायका शिवतात ती कवंदी. तिच्यात वरचा थर आधी तयार नसतोच. खालचे कापड अंथरले, की कोपऱ्यापासून एकेक तुकडा कड दुमडून ठेवायचा आणि लगेच त्यावरून धावदोरा न्यायचा. टाका पुढे सरकतो तसा पुढचा तुकडा ठेवला जातो. खालच्या कापडात थोडा सैलपणा आला, तर पुढच्या तुकड्याची दुमड कमी-जास्त करून तो तिथेच जिरवता येतो. खालच्या कापडाची कड आत वळवून पहिल्या ओळीतल्या तुकड्यांच्या दुमडीला भिडवलेली असते, त्यामुळे वेगळी गोट लावावी लागत नाही. चारी कोपऱ्यांवर घडी घातलेले छोटे तुकडे येतात. त्यांना फुला म्हणतात, आणि त्यांच्यावाचून कवंदी पूर्ण मानली जात नाही. रचना आणि शिवण एकाच वेळी चालू असते. आगाऊ काहीच ठरलेले नाही, तरी हाताला एका क्षणाचीही सूट नाही. विशेषांकातला सर्वांत मोठा लेख याच पद्धतीवर असेल. तो वाचताना शेजारी चार चिंध्या आणि सुई घेऊन बसा.

असेच आणखी एक उदाहरण अमेरिकेतले. अलाबामा नदीच्या वळणात जीज बेंड नावाची कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची वस्ती आहे. तिथल्या बायकांच्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या संग्रहालयात आणि त्यानंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतींवर लागल्या. २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटे काढली. समीक्षकांनी त्यांना आधुनिक चित्रांच्या पंक्तीत बसवले. शिवणाऱ्यांनी त्यांच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघावे असे आम्हाला वाटते. मिसूरी पेटवे यांनी १९४२ साली केलेली गोधडी त्यांच्या दिवंगत पतीच्या कामाच्या कपड्यांची आहे. रंग थोडे, तुकडे मोठे, कारण कपडेच तेवढे होते. पुढे १९७२ साली तिथल्या सहकारी संस्थेला सिअर्स कंपनीकडून कॉर्डुरॉयच्या उशी-आवरणांचे काम मिळाले आणि उरलेल्या पट्ट्या घरोघर गेल्या. कॉर्डुरॉय जाड आणि अवघडणारे कापड, त्यात बारीक नक्षी जमत नाही. म्हणून त्या काळातल्या गोधड्यांत रुंद, सरळ, ठाम पट्ट्या दिसतात. तिथे एका लहान चौकोनाभोवती पट्ट्या जोडत बाहेर जाण्याची रीत आहे, आपल्या कडेने आत येण्याच्या बरोबर उलट. पण सूत्र तेच: जे कापड हाताशी आहे, ते काय करू देते ते बघायचे आणि मग रचायचे.

म्हणूनच गोधडीसाठी नवे कापड आणून त्याचे तुकडे करण्याची जी टूम निघाली आहे, तिला आमचा विरोध आहे. आकारांत कापलेले, रंग जुळवलेले संच विकत मिळतात, त्यांतून शिवण शिकता येते हे मान्य. पण पारख दुसऱ्या कुणीतरी आधीच केलेली असते. तुकड्यांच्या गोधडीचे चित्र छापलेल्या चादरीबद्दल तर काही लिहावेसे वाटत नाही.

ज्यांना थेट मोठ्या गोधडीला हात घालायची धास्ती वाटते, त्यांनी लहान वस्तूंपासून सुरुवात करावी: आसन, बटवा, उशीचा अभ्रा, गरम भांडे धरायचे दुहेरी कापड. पारखीचे नियम इथेही तेच आहेत, फक्त चूक स्वस्तात पडते. शिंप्याकडचे कातरण घेणार असाल तर दोन गोष्टी आधी तपासा. धागा काढून जाळून पाहा: सुती धागा कागदासारखा जळून त्याची मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. गरम भांड्याच्या कापडात असा एक तुकडाही नको, हाताला चिकटेल. दुसरे, ब्लाउजच्या मुंढ्याचे आणि गळ्याचे तुकडे उरेब असतात, शिवताना ते ताणतात आणि सगळी वस्तू वेडीवाकडी होते. ते टाकू नका. खाली जुन्या धोतराचा तुकडा घ्या आणि त्यावरच एकेक करून शिवत जा, धोतर त्यांना जागेवर धरते. लाल आणि निळे कापड आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. फडक्याला रंग लागला, तर ते रंग जाणे थांबेपर्यंत वेगळे धुवा. तान्ह्या बाळाच्या दुपट्याला मणी, आरसा, बटण, गोंडा काहीही लावू नका, आणि ते हलकेच ठेवा.

रंगांबद्दल थोडक्यात. शिवायला बसण्यापूर्वी एकच गोष्ट ठरवा, बाकी मोकळे सोडा. एखादे गडद कापड, जे पुन्हा पुन्हा येईल, एवढे पुरते. तुकडे मांडून त्यांचा कृष्णधवल फोटो फोनवर काढून बघा, गडद-फिके कुठे साचले आहे ते चटकन कळते.

टाके किती जवळ असावेत, हा प्रश्नही पत्रांत आहे. दोन ओळींत साधारण दोन बोटांचे अंतर, असे जुने हात सांगतात, आणि त्यामागे धुण्याचा अनुभव आहे. घटस्थापनेआधी गावोगावच्या गोधड्या नदीवर, विहिरीवर नेतात, भिजवतात, दगडावर आपटतात. भिजलेली पाच-सहा थरांची गोधडी दोघींना उचलवत नाही. ते सगळे ओझे टाक्यांवर येते. ओळी विरळ असतील, तर आतले विरलेले कापड गोळा होऊन एका कोपऱ्यात बसते आणि वरचा थर फाटतो. मशीनवर शिवणाऱ्यांनीही हा हिशेब सोडू नये. मशीनचा टाका बारीक असतो, म्हणून ओळी दूर घेतल्या तरी चालते, असे बिलकुल नाही.

विक्रीसाठी काम करणाऱ्यांना एक सांगणे आहे. गिऱ्हाईक मीटरचा भाव विचारते, आणि आपण तो सांगतो. जुन्या कापडाला मीटरचा भाव नसतो. कापड निवडणे, उसवणे, धुणे, टाचणे, यांचे तास शिवणीच्या तासांत मिळवा आणि त्यावर भाव ठरवा. हातशिवण की मशीन, ते स्पष्ट लिहा. मागच्या बाजूला कोपऱ्यात आपले नाव आणि साल टाक्यांत घाला, कुणाच्या कपड्यांची गोधडी आहे तेही शक्य तर घाला. जीज बेंडच्या गोधड्यांशेजारी आज करणारीचे नाव आणि वर्ष लिहिलेले असते. आपल्याकडच्या हजारो गोधड्या कुणी केल्या, हे त्या घरातल्या नातवंडांनाही सांगता येत नाही.

विशेषांकासाठी गोधड्यांचे आणि लहान वस्तूंचे फोटो पाठवताना दोन्ही बाजू दाखवा. पुढची बाजू सगळेच पाठवतात. आम्हाला पाठीमागचे टाके बघायचे आहेत. सोबत कोणते कापड कुठे ठेवले आणि का, हे चार ओळींत लिहा. त्या ओळी आम्ही मापांच्या जागी छापू.