हाताने लावला की शहाणा, मागे चालला की वेगळा: एसएसएच सर्व्हरची दोन रूपं

२९ मार्च २०२४ ला मायक्रोसॉफ्टमधल्या आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने जाहीर केलं की लिनक्सच्या 'एक्सझेड' लायब्ररीत कुणीतरी चोरदार बसवलंय. तो काही चोर शोधायला निघाला नव्हता. पोस्टग्रेस डेटाबेसचा वेग मोजत होता आणि मशीनवरचा एसएसएच सर्व्हर उगाच जास्त सीपीयू खातोय हे त्याला खटकलं. साधारण ०.३ सेकंदांत होणारं लॉगइन ०.८ सेकंद घेत होतं.

एसएसएच म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरवर सुरक्षितपणे लॉगइन करायची सोय. तुमच्या फोनमधली ॲप्स ज्या सर्व्हरवर चालतात, ते सांभाळणारी माणसं बऱ्याचदा याच वाटेने आत जातात. दारावर सतत जागा राहून 'कोण आलंय' बघणारा प्रोग्राम म्हणजे एसएसएचडी. शेवटचा 'डी' डेमनचा, म्हणजे पडद्यामागे चालणारा. मशीन सुरू झालं की त्याला उठवायचं काम बहुतेक लिनक्सवर सिस्टमडी करतो.

अर्ध्या सेकंदाची ही गोष्ट खूपदा सांगितली जाते. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो तपासातला दुसरा तपशील. फ्रॉइंडने तोच एसएसएचडी सिस्टमडीशिवाय, हाताने सुरू करून बघितला, तर सुरुवातीला उशीर दिसेचना! चोरदाराचा कोड आधी आजूबाजूला बघायचा. टर्मिनल उघडून हाताने चालवलेल्या प्रोग्रामला 'टर्म' नावाचा एक व्हेरिएबल मिळतो, मागे चालणाऱ्या सर्व्हिसला सहसा मिळत नाही. तो दिसला की कोड गप्प. कोणी तपासायला बसलंय, हे त्याला तेवढ्यावरून कळायचं.

मुळात तो आत शिरला कसा? ओपनएसएसएच एक्सझेड वापरतच नाही. पण डेबियन, फेडोरासारख्या लिनक्सनी त्यात एक छोटी भर घातली होती, 'मी तयार आहे' असं एसएसएचडीने सिस्टमडीला कळवावं म्हणून. त्यासाठी सिस्टमडीची लायब्ररी आली आणि तिच्या पाठोपाठ एक्सझेड. एका निरोपासाठी एवढं वऱ्हाड. 'जिआ टॅन' या नावाने वावरणाऱ्याने २०२१ पासून मदत करत करत, एकट्याने प्रकल्प सांभाळून दमलेल्या लासे कॉलिनचा विश्वास मिळवला. मग ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत हा माल घातला. त्यातला चोरदार जोडणारा तुकडा सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हताच. तो फक्त डाउनलोडसाठी बांधलेल्या फाइलमध्ये होता. ज्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंनी माहिती अधिकारासाठी उपोषणं केली, तिथल्या माणसाला हे लगेच कळेल: सभेत वाचलेली वही वेगळी आणि बंधाऱ्यात पडलेलं सिमेंट वेगळं.

'हाताने चालतो, आपोआप चालत नाही' हे लक्षण दर वेळी चोराचंच असतं असं मात्र नाही. राळेगणसिद्धीत माझ्या मामांकडे एक रास्पबेरी पाय आहे. विहिरीच्या पाण्याची पातळी दर १५ मिनिटांनी नोंदवतो. (पाणलोटाच्या कामासाठी ओळखलं जाणारं गाव, त्यामुळे मामांना पातळीचा आकडा चहाच्या आधी लागतो.) मोबाइल इंटरनेटवर त्याला बाहेरून दिसणारा स्वतःचा पत्ता मिळत नाही, म्हणून मी पुण्यातून व्हीपीएनने जोडतो. एसएसएचडी मुद्दामच फक्त व्हीपीएनच्या पत्त्यावर ऐकतो, सगळ्या जगासाठी उघडा नाही. गेल्या पावसाळ्यात वीज गेली, आली, आणि लॉगइन बंद. मामेभाऊ फोनवर म्हणाला, "दादा, मी चालू केला की चालतोय. आपला आपण उठतच नाही."

त्याला म्हटलं, आता हात लावू नकोस. रिस्टार्ट कर, पाच मिनिटं थांब आणि जर्नलसीटीएलने फक्त या बूटमधला, फक्त एसएसएचचा लॉग काढून स्क्रीनचा फोटो पाठव. फोटोत उत्तर होतं: मागितलेला पत्ता घेता येत नाही. वीज आल्यावर एसएसएचडी आधी उठत होता, व्हीपीएन नंतर. जो पत्ता अजून जन्मलाच नाही, त्यावर ऐकणार कसा? तो एरर देऊन बंद पडायचा, आणि डेबियनच्या सेटिंगनुसार अशा एररनंतर सिस्टमडी त्याला पुन्हा उठवत नाही. भाऊ हाताने चालू करेपर्यंत व्हीपीएन आलेला असायचा, म्हणून त्याचं सगळं सुरळीत. सर्व्हिसला दोन गोष्टी सांगितल्या: व्हीपीएननंतर सुरू हो, आणि जमलं नाही तर दहा सेकंदांनी परत बघ.

म्हणून सर्व्हर अडला की लगेच हाताने चालू करून 'झालं' म्हणू नका. ज्या अवस्थेत तो बिघडतो त्याच अवस्थेत त्याला बघा. आधी स्टेटस, मग त्या वेळेचा लॉग, मग सेटिंगची फाइल तपासायची सोय एसएसएचडीतच आहे ती. आणि दूरून सेटिंग बदलत असाल तर उघडं लॉगइन बंद करू नका. दुसऱ्या विंडोत नवं लॉगइन जमलं की मगच पहिलं सोडा.

हे शिकायला सर्व्हर विकत घ्यायची गरज नाही. अँड्रॉइडवर टर्मक्स टाकून फोनमध्येच एसएसएचडी चालवता येतो, पोर्ट ८०२२ वर. थोड्या वेळाने स्क्रीन बंद झाल्यावर तो मरू शकतो, कारण बॅटरी वाचवायला अँड्रॉइड बऱ्याचदा मागचे प्रोग्राम मारतं. पहिला सराव तिथेच होईल.

१ जुलै २०२४ ला ओपनएसएसएच ९.८ आलं. सिस्टमडीला 'मी तयार आहे' कळवायची सोय आता त्याच्या स्वतःच्या कोडमध्ये आहे, बाहेरच्या लायब्ररीशिवाय. त्यासाठी थोडासाच कोड पुरला.