अश्वशक्ती आणि शिल्लक

आजच्या तरुणाला वेगाचे वेड आहे, अशी वडीलधाऱ्यांची तक्रार असते. ती खोटी नाही. पण गंगापूर रोडवरच्या आमच्या चहाच्या टपरीवर बसले की ध्यानात येते, वेगापेक्षाही मोठे वेड आकड्याचे आहे. "तुझ्या गाडीची अश्वशक्ती किती?" हा तिथला पहिला प्रश्न. शंभराची दीडशे कशी करायची, कोणाकडे करायची, खर्च किती, यावर तासन् तास चर्चा चालते. ती दीडशे किती दिवस टिकेल, हे मात्र कोणी विचारीत नाही. माझ्या मते तोच प्रश्न पहिला असायला हवा.

माझ्या मावसभावानेही तो विचारला नाही. त्याची टर्बो डिझेल गाडी जुनी, सव्वा लाख किलोमीटर चाललेली. एका दुकानात लॅपटॉप जोडून तासाभरात तिचा 'रिमॅप' करून मिळाला. महिनाभर स्वारी हवेत होती. मग मे महिन्यात कल्याणच्या एका लग्नाचे फोटो काढून तो परत येत होता. गाडीत पाच माणसे, सामान, एसी चालू. कसारा घाटाच्या चढावर गाडीने काळ्या धुराचा लोट सोडला, तिचा जोर गेला आणि ती कडेला उभी राहिली ती राहिलीच.

माझे वडील बोअरिंगच्या वर्कशॉपमध्ये टर्नर आहेत. हेड उतरवले तेव्हा मी शेजारी उभा होतो. एका पिस्टनचा माथा मेणासारखा वितळून त्याला भोक पडले होते. गाडीचे हप्ते बाकी, लग्नसराई ऐन भरात, आणि धंद्याचे वाहन दीड महिना बंद! वडील रागावले नाहीत. पिस्टन हातात फिरवीत एवढेच म्हणाले, "कंपनीने शिल्लक ठेवली होती, ती तू खाल्लीस."

या एका वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. टर्बोचे तत्त्व तसे जुने आहे. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली त्याचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त वायू वाया न घालवता त्यावर एक चक्र फिरवायचे, आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. हवा जास्त म्हणून इंधन जास्त जळते, आणि इंधन जास्त म्हणून जोर जास्त. हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तोही तेलाच्या पातळ थरावर तरंगत.

पण हवा दाबली की ती तापते. आपल्या उन्हाळ्यातली पस्तीस-चाळीस अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली की तिचे तापमान शंभर अंशांच्या वर जाते. म्हणून इंटरकूलर लागतो. पेट्रोल इंजिनात ही उष्णता वाढली, की ठिणगीने पेटवायचे मिश्रण मध्येच आपोआप भडकते आणि पिस्टनवर हातोडीसारखे ठोके बसतात. डिझेलमध्ये हवेच्या मानाने इंधन जास्त पडले की काळा धूर निघतो आणि पिस्टन भाजत राहतो. भावाच्या गाडीत झाले ते हेच.

यासाठीच कंपनी मर्यादेच्या बरीच अलीकडे थांबते. कुठेतरी भेसळीचे डिझेल मिळेल, कोणी तेल वेळेवर बदलणार नाही, कोणी भर उन्हात पाच माणसे घेऊन घाट चढेल, हे सारे तिने धरलेले असते. हीच ती शिल्लक. आपल्या नाशिकच्याच कारखान्यातून २००२ साली महिंद्राची स्कॉर्पिओ बाहेर पडली, तेव्हा तिचे २.६ लिटरचे टर्बो डिझेल इंजिन १०९ अश्वशक्तीचे होते. पुढे २.२ लिटरचे एमहॉक इंजिन १२० अश्वशक्ती घेऊन आले, आणि २०११ साली एक्सयूव्ही ५०० मध्ये त्याच २.२ लिटरमधून १४० मिळाली. म्हणजे एवढ्या मोठ्या कंपनीला एकतीस अश्वशक्ती वाढवायला नऊ वर्षे लागली. रिमॅपवाला तीस एका तासात देतो! ती येते कुठून? आपल्याच शिल्लकेतून. आपली पुंजी तो आपल्यालाच विकतो आणि वर मजुरी घेतो.

मोठ्यांनाही हे चुकलेले नाही. अमेरिकेत १९६२ साली ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बो मोटार बाजारात आली. रस्त्यावरच्या पहिल्या टर्बो मोटारींपैकी ती एक. इंजिनात ठोके बसू नयेत म्हणून पाणी आणि मिथेनॉलचे मिश्रण एका वेगळ्या टाकीत भरावे लागे. लोक ते भरायला विसरत. शेवटी कंपनीनेच अनेकांच्या गाडीचा टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून दिला. याउलट फॉर्म्युला वनमध्ये १९८० च्या दशकात बीएमडब्ल्यूचे दीड लिटरचे टर्बो इंजिन हजाराच्या वर अश्वशक्ती देत असे. पण त्या जोराला ते काही फेऱ्यांपुरतेच टिके, मग उघडावे लागे. शर्यतीचे इंजिन उघडण्यासाठीच बांधलेले असते. रस्त्यावरच्या गाडीने मात्र सकाळी किल्ली फिरवताच सुरू व्हावे, द्वारका चौकात अर्धा तास तापत उभे राहावे आणि तरीही संध्याकाळी घरी आणून सोडावे. त्या दोन इंजिनांना एकच आकडा लावणे हा मला अडाणीपणा वाटतो.

मग जोर वाढवूच नये का? तसे माझे म्हणणे नाही. पण त्याचा क्रम उलटा आहे. आधी माप घ्यावे: कॉम्प्रेशन किती, बोअर किती घासला, तेलाचा दाब किती. मग थंडावा: मोठा इंटरकूलर, चांगला रेडिएटर, तेलाचा कूलर. मग इंधन पुरवणारे पंप आणि इंजेक्टर. या शेवटच्या बाबतीत नाशिककराला तरी सांगायला नको. पूर्वीची मायको आणि २००८ पासूनची बॉश यांच्या सातपूरच्या कारखान्यात नोझल आणि इंजेक्टर बनतात, आणि त्यांची मापे मायक्रॉनमध्ये चालतात. त्यानंतर फोर्ज केलेले पिस्टन, दणकट कनेक्टिंग रॉड, हेडचे मजबूत स्टड. उष्णतेने रिंगा फुगतात, म्हणून त्यांच्या टोकांत जरा जास्त फट. इंजिनाचे फेरे दुप्पट केले की रॉडवरचा ओढ चौपट होतो, तेव्हा फेरे आवरूनच जोर काढावा. क्लच आणि ब्रेकही त्या मानाचे हवेत. आणि सगळ्यात शेवटी टर्बोचा दाब, तोही सगळ्यात दुबळ्या भागाला झेपेल त्याच्या खाली. हे सारे केल्यावर जो आकडा येईल तो आपला.

कायद्याचाही विचार हवा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे फेरबदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे बजावले आहे. ज्याला जोराची हौसच भागवायची आहे, त्याने शर्यतीच्या बंद मार्गावर जावे. गंगापूर रोडवरून मुले शाळेत जातात.

मी कला शाखेचा विद्यार्थी. इंजिनावर लिहिण्याचा मला काय अधिकार, असे कोणी म्हणेल. पण अर्थशास्त्राच्या तासाला सर 'घसारा' शिकवीत होते, तेव्हा मला तो घासलेला बोअर आणि तो पिस्टनच आठवला. यंत्र वापरले की झिजते. त्या झिजेची तरतूद उत्पन्नातून आधीच बाजूला काढावी लागते. ही गोष्ट पुस्तकात आहे, तशी वडिलांच्या मायक्रोमीटरमध्येही आहे. दोन्हीकडे शिक्षा सारखीच: तरतूद खाणाऱ्याला काही दिवस आपण श्रीमंत झाल्यासारखे वाटते.

भावाची गाडी आता पुन्हा धावते, कंपनीच्या मूळ मापावर. टपरीवर कोणी अश्वशक्ती विचारली की तो आकडा सांगतो, आणि पुढे म्हणतो, "पण कसारा चढते." मला वाटते, गाडीची ओळख सांगायला एवढे पुरे आहे.

— द्वितीय वर्ष, कला