तापमानाचा इशारा घरातच वाजायला हवा

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. वीज गेली आणि घरी फक्त आजी-आजोबा असले, तर फ्रीजमधली थंडी उतरल्याचे कळणार कसे? बिनतारी तापमान सेन्सर आणि हब हा त्यावरचा उपाय. मात्र हब घेताना किंमत आणि ॲपच पाहिले जाते. खरा प्रश्न वेगळा आहे : इंटरनेट बंद पडल्यावर हब काम करतो का?

काही हब प्रत्येक नोंद कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतात, निर्णयही तिथेच होतो. सेवा थांबली की हब निकामी. म्हणून घरातच निर्णय घेणारी यंत्रणा हवी. रास्पबेरी पाय, झिग्बी डोंगल आणि ‘होम असिस्टंट’ हे मोफत सॉफ्टवेअर यांतून ती उभी राहते.

बसवताना काय पाहाल?

● झिग्बी आणि बरेच वाय-फाय राउटर २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. डोंगल यूएसबी एक्स्टेन्शन वायरने राउटरपासून दूर ठेवा.

● फ्रीजचा पत्रा सिग्नल अडवतो. दार बंद करून नोंद येते का, ते तपासा.

● सेन्सर सेलवर चालतो, हबला वीज लागते. तो इन्व्हर्टरवर जोडा.

● ८ अंशांच्या वर आणि २ अंशांच्या खाली, दोन्हीकडे इशारा लावा. गोठलेले इन्सुलिनही वापरता येत नाही.

● सेलवर चालणारा सायरनही जोडा.

परगावच्या मुलाला मोबाइलवर इशारा उशिरा मिळाला तरी चालेल. घरातल्या आजीला तो वेळेवर ऐकू यायलाच हवा.