सेलिगमन कुणा एकाने वाचवलेलं नाही

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात सेलिगमन नावाचं गाव आहे. वस्ती पाचशेच्या आत. लास व्हेगासहून ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्याकडे गाडीने निघालात, तर ते वाटेत लागतं. तिकडे ऑनसाइट असलेल्या एखाद्या मित्राच्या इन्स्टावर तुम्ही ते पाहिलंही असेल, फक्त नाव लक्षात राहिलं नसेल. रंगीबेरंगी दुकानं, दारात उभ्या केलेल्या जुन्या गाड्या, जिकडेतिकडे '६६' लिहिलेली ढाल आणि खाली कॅप्शन : 'काळ थांबलेलं गाव'.

माझं भांडण या कॅप्शनशी आहे. सेलिगमनमध्ये काळ कधीच थांबला नव्हता. थांबली होती ती वाहतूक, आणि तिची तारीखसुद्धा ठाऊक आहे : २२ सप्टेंबर १९७८. त्या दिवशी गावाच्या दक्षिणेकडून जाणारा इंटरस्टेट ४० सुरू झाला आणि गावातून जाणारा रूट ६६ ओस पडला. सकाळपर्यंत ज्या रस्त्यावर ट्रक आणि प्रवासी गाड्यांची रांग असायची, तिथे दुपारनंतर शुकशुकाट झाला. 'काळ थांबला' म्हटलं की हे कुणी केलं, हा प्रश्नच उरत नाही. काळ काय, आपोआप थांबतो. बायपास मात्र कुणीतरी आखतो, मंजूर करतो आणि बांधतो.

थोडं मागे जाऊ. सेलिगमन जन्मालाच आलं ते दुसऱ्याच्या मार्गावर. १८८०च्या दशकात इथे रेल्वेचा फाटा होता, नाव होतं प्रेस्कॉट जंक्शन. पुढे रेल्वेत पैसा गुंतवणाऱ्या सेलिगमन नावाच्या बँकर भावांवरून गावाचं नाव बदललं. १९२६ साली शिकागोहून कॅलिफोर्नियाकडे जाणारा रूट ६६ अधिकृत झाला आणि गावाला दुसरा आधार मिळाला. मोटेल, पेट्रोलपंप, खानावळी, गॅरेज, सगळं त्या एका रस्त्याच्या कडेला. मग १९५६ साली आयझेनहॉवर यांच्या काळात इंटरस्टेटचा कायदा झाला आणि चौपदरी, सिग्नल नसलेले, गावांना वळसा घालणारे महामार्ग देशभर बांधायला सुरुवात झाली. सेलिगमनची पाळी १९७८ मध्ये आली. १९८५ साली तर रूट ६६ हे नावच राष्ट्रीय महामार्गांच्या यादीतून काढून टाकलं गेलं. त्याच दशकात रेल्वेनेही कर्मचारी बदलण्याचा तिचा तळ सेलिगमनमधून हलवला. दोन्ही आधार गेले.

मी इंजिनिअर आहे. बायपासच्या बाजूने जे बोललं जातं ते मला समजतं आणि बरंचसं पटतंही. जुना ६६ अरुंद होता. ट्रक आणि कुटुंबाची गाडी एकाच लेनमध्ये समोरासमोर यायची. अपघात इतके व्हायचे की काही भागांत लोक त्याला 'रक्ताळलेला ६६' म्हणायचे. इंटरस्टेट बांधायला नको होता असं कुणी म्हणत असेल, तर मी त्याच्या बाजूने उभा राहणार नाही.

पण हिशेब पुरा मांडू या. बायपासमुळे वाचलेला वेळ, वाचलेलं इंधन, टळलेले अपघात हे सगळं जमेच्या बाजूला लिहितात. खर्चाच्या बाजूला सिमेंट, डांबर आणि संपादित जमिनीची किंमत. सेलिगमनच्या मोटेलवाल्याचं बुडालेलं उत्पन्न या ताळेबंदात कुठेच नसतं. अमेरिकी कायद्यात जमीन घेतली तर भरपाई द्यावी लागते, पण दुकानासमोरून जाणारी वाहतूक दुसरीकडे वळवली तर सहसा काहीही द्यावं लागत नाही. रस्त्यावरची रहदारी ही कुणाची मालमत्ता नाही, असं तिथल्या न्यायालयांचं सर्वसाधारण मत आहे. म्हणजे ज्याचं शेत महामार्गात गेलं त्याला चेक मिळाला आणि ज्याचं गिऱ्हाईक महामार्गात गेलं त्याने शटर ओढलं.

आमच्या धंद्यात जुनी सिस्टिम बंद करायची असली तर आधी नोटीस देतात, ठरावीक मुदत देतात, वापरणाऱ्यांना नव्या सिस्टिमवर आणून सोडायची जबाबदारी कुणावर तरी टाकतात. ते दरवेळी नीट होत नाही, पण ते करायचं असतं एवढं तरी सगळ्यांना मान्य असतं. सेलिगमनला इंटरस्टेट येणार हे आधीपासून ठाऊक होतं. ठाऊक असणं म्हणजे तयारी नव्हे. पाचशे माणसांनी आपला अख्खा उदरनिर्वाह कुठे हलवायचा, याचं उत्तर कुठल्याच कार्यालयात नव्हतं.

आता त्या माणसाकडे येऊ, ज्याचा फोटो प्रत्येक रीलमध्ये असतो. एंजल डेल्गाडियो. जन्म १९२७चा, सेलिगमनचाच. वडील मेक्सिकोतून आलेले, त्यांचं सलून आणि शेजारी पूल खेळायचं टेबल असा व्यवसाय. १९३०च्या मंदीत हे कुटुंबही सामान बांधून कॅलिफोर्नियाला निघण्याच्या बेतात होतं. मोठ्या भावंडांच्या वाद्यवृंदाला आसपास कामं मिळू लागली म्हणून ते राहिले. पुढे एंजल कॅलिफोर्नियात केस कापायचं रीतसर शिक्षण घेऊन परत आले आणि गावातच सलून चालवू लागले. त्यांचे भाऊ हुआन यांनी १९५३ साली रेल्वेच्या टाकाऊ लाकडातून 'स्नो कॅप' नावाचं ड्राइव्ह-इन उभं केलं. बर्गर आणि आइस्क्रीम विकायचं, आणि गिऱ्हाइकाची फिरकी घ्यायची. दाराला दोन मुठी, त्यातली एक खोटी. पाटीवर 'माफ करा, आम्ही चालू आहोत'. मोहरीची बाटली तुमच्यावर रोखून दाबायची आणि तिच्यातून पिवळी दोरी बाहेर पडायची. हुआन २००४ साली गेले. विनोद अजून चालू आहेत.

ही माणसं मला मनापासून आवडतात. म्हणूनच त्यांची जी गोष्ट सांगितली जाते तिचा राग येतो. ती गोष्ट अशी : एका साध्या सलूनवाल्याने हार मानली नाही, जिद्दीने लढला आणि एकट्याने गाव वाचवलं. मोटिव्हेशनल पोस्टच्या साच्यात ती अगदी फिट बसते.

प्रत्यक्षात काय झालं? फेब्रुवारी १९८७ मध्ये सेलिगमनमध्ये एक बैठक भरली. एंजल आणि हुआन पुढाकाराला होते, पण सोबत गावातले आणि आसपासचे इतर छोटे व्यावसायिकही होते. त्या बैठकीतून रूट ६६ साठी ॲरिझोनाची एक संघटना उभी राहिली. तिची मागणी भावनिक नव्हती, प्रशासकीय होती : या रस्त्याला राज्याने 'ऐतिहासिक' दर्जा द्यावा आणि तशा पाट्या लावाव्यात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सेलिगमन ते किंगमन या पट्ट्याला तो दर्जा मिळाला. पुढच्या वर्षी जुन्या गाड्यांची 'फन रन' सुरू झाली. दुसऱ्या राज्यांत अशाच संघटना निघाल्या. १९९९ साली केंद्राने रूट ६६ च्या जतनासाठी कायदा केला.

यात जिद्द आहेच. पण बैठक आहे, पत्रव्यवहार आहे, ठराव आहे, अधिकाऱ्यांच्या दारात पुन्हा पुन्हा जाणं आहे. नेमकं हेच काम रीलमध्ये दिसत नाही, कारण ते कंटाळवाणं आहे. शिवाय ज्या सरकारच्या नकाशाने गाव पुसलं, त्याच सरकारकडून नकाशावरची एक रेघ मागून घेतलेली आहे. 'सरकारवर अवलंबून राहू नका, स्वतः करा' असं सांगण्यासाठी हे गाव उदाहरण म्हणून वापरणाऱ्यांनी पाटी कुणी लावली ते एकदा पाहावं.

या खोडातोडीचा सर्वात मोठा नमुना म्हणजे पिक्सारचा 'कार्स'. २००६चा हा सिनेमा तुम्ही लहानपणी पाहिला असणार. त्यातलं रेडिएटर स्प्रिंग्ज रूट ६६ वरच्या अनेक गावांवरून घडवलं आहे, आणि सिनेमाची मंडळी तयारी करताना एंजल यांना भेटली होती. बायपासने गाव कसं मरतं, ते त्या सिनेमाने दोन मिनिटांत अप्रतिम दाखवलं आहे. पण गाव वाचतं कसं? एक प्रसिद्ध रेसिंग कार चुकून तिथे येते, गावाच्या प्रेमात पडते आणि शेवटी आपलं मुख्यालय तिथे हलवते. सेलिब्रिटी आला, गाव तरलं. खऱ्या गावात कुणी स्टार आला नव्हता. सिनेमावाले आले तेव्हा राज्याने दर्जा देऊन दशकाहून जास्त काळ लोटला होता. बैठकीची जागा स्टारने घेतली, आणि आता पर्यटक सेलिगमनला येऊन सिनेमातल्या गाड्यांसारख्या सजवलेल्या गाड्यांसोबत फोटो काढतात.

गोड आठवणींचा हा बाजार आणखी एक गोष्ट करतो. तो निवड करतो. १९५०च्या दशकातला क्रोम, निऑन आणि मिल्कशेक त्याला हवा असतो, बाकीचं नको असतं. सेलिगमनमध्येच रेल्वेच्या काळातलं 'हवासू हाउस' नावाचं भव्य हॉटेल होतं, फ्रेड हार्वे यांच्या प्रसिद्ध साखळीतलं. गावातली ती खरोखरची जुनी, मोठी वास्तू २००८ साली पाडली गेली. पर्यटन तेव्हा जोरात होतं. पण ते हॉटेल ६६ च्या चित्रात बसत नव्हतं.

सेलिगमनहून त्याच ऐतिहासिक रस्त्याने पश्चिमेला गेलं की पीच स्प्रिंग्ज लागतं. हे वालापाय आदिवासींच्या राखीव प्रदेशाचं मुख्य गाव. १८७४ साली अमेरिकी सैन्याने या लोकांना त्यांच्या भूमीतून हाकलत नेऊन कोलोरॅडो नदीकाठी डांबलं होतं, राखीव प्रदेश १८८३ साली मिळाला. बायपास यांनाही बसला. ऐतिहासिक दर्जाची पाटी यांच्याही रस्त्यावर लागली. पण पर्यटकांचा घोळका पीच स्प्रिंग्जला थांबत नाही, कारण तिथे कुणाला आपलं हरवलेलं बालपण दिसत नाही. वालापायांना पर्यटक मिळवण्यासाठी २००७ साली ग्रँड कॅन्यनच्या कड्याबाहेर काचेचा पूल काढावा लागला. आणि पूर्वेकडे हॉलब्रूकला १९५०चं 'विगवॅम मोटेल' आहे : तंबूच्या आकाराच्या सिमेंटच्या पंधरा खोल्या. आकार विगवॅमचा नाहीच, टीपीचा आहे, आणि आजूबाजूचे नवाहो आणि होपी टीपीत राहतही नव्हते. तरी फोटो सगळे काढतात.

मोकळ्या रस्त्याच्या स्वातंत्र्याचं गाणं गाताना आणखी एक पुस्तिका आठवावी. १९३६ पासून जवळपास तीस वर्षं व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांची 'ग्रीन बुक' निघत असे. कृष्णवर्णीय प्रवाशांना कुठे खोली मिळेल, कुठे जेवण मिळेल, याची ती यादी होती. रूट ६६ वरच्या कित्येक गावांत सूर्यास्तानंतर काळ्या माणसाने दिसायचं नाही, असा दंडक होता. ज्याच्या आठवणीत हा रस्ता सोनेरी आहे, त्याला त्या रस्त्यावर थांबायची मुभा होती.

यावर मला मित्रांकडून ठरलेलं उत्तर मिळतं : 'अरे, लोकांचं पोट चालतंय ना? टी-शर्ट विकतायत, विकू दे.' अगदी बरोबर. विकायलाच हवेत. दुकानदाराने इतिहासाचा तास घ्यावा अशी माझी अपेक्षा नाही. त्याने पोट भरायला गोड चित्र विकलं तर तो त्याचा धंदा आहे. प्रश्न विकत घेणाऱ्याचा आहे. एक मॅग्नेट घेऊन, पंधरा मिनिटं थांबून, 'काळ थांबलेलं गाव' असं लिहून आपण पुन्हा इंटरस्टेटला लागतो. जो रस्ता गावाच्या जिवावर उठला होता त्यावर बसून गाव किती गोंडस आहे ते सांगतो.

रूट ६६ ला २०२६ मध्ये शंभर वर्षं होतायत. अशा वर्षात रील्सचा पाऊस ठरलेला असतो. तुमच्यापैकी कुणी तिकडे गेलात तर जरूर थांबा, स्नो कॅपमध्ये मोहरीची दोरी अंगावर घ्या, एंजल यांचं सलून पाहा. फक्त कॅप्शनमध्ये दोन तारखा टाका : २२ सप्टेंबर १९७८ आणि फेब्रुवारी १९८७. पहिल्या तारखेला एका निर्णयाने गाव ओसाड केलं. दुसऱ्या तारखेला काही शेजारी एका टेबलाभोवती बसले आणि मागणी काय करायची ते ठरवलं. यांच्या मधली साडेआठ वर्षं त्या गावाने कशी काढली असतील, ते कुठल्याच रीलमध्ये नाही.