क्लासवाल्याला पैसे देण्याआधी

परभणीहून जिंतूरकडे जाताना झरी लागते. तेथील एका महिला बचत गटाने आम्हाला एक प्रश्न विचारला आहे. गटातील एका ताईंचा मुलगा बारावी झालेला. तीन वर्षांपासून पुण्याकडे इमारतीच्या कामावर सुपरवायझर आहे. त्याच्या मोबाईलवर जाहिरात आली, घरबसल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा कोर्स करा, पी.एम.पी. व्हा, पगार दुप्पट. फोनवर बोलणाऱ्याने चाळीस हजारांची फी सांगितली आणि वर 'हप्ते पाडून देतो' अशी मेहरबानीही दाखविली. ताईंनी गटाकडे कर्ज मागितले. गटातल्या बायकांनी कर्ज नाकारले नाही, पण देण्याआधी चौकशी करू म्हणाल्या. हे त्यांनी फार चांगले केले. असे फोन आता प्रत्येक वस्तीत येतात, म्हणून उत्तर येथे सविस्तर देत आहोत.

आधी ही विद्या काय आहे ते पाहू. रमाई आवास योजनेत घरकुल मंजूर झाले असे समजा. पाया खोदायचा, जोते बांधायचे. जोत्याचा फोटो गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. हप्ता नाही तर विटा नाहीत, सिमेंट नाही. तोवर मिस्त्री दुसऱ्याच्या कामावर गेला की महिनाभर सापडत नाही. पावसाळ्याआधी स्लॅब पडायलाच हवा. खिडक्यांची चौकट आठ दिवस उशिरा आली तर फारसे बिघडत नाही, पण जोते आठ दिवस लांबले की अख्खे घर आठ दिवस लांबते. कोणत्या कामाला उशीर चालेल आणि कोणत्या कामाला मुळीच चालणार नाही, हे आधी कागदावर मांडणे म्हणजे 'क्रिटिकल पाथ'. १९५७ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीने आपल्या कारखान्यांच्या कामासाठी ही रीत बसविली. घरकुल वेळेत पुरे करून दाखविणाऱ्या आमच्या कितीतरी मायबहिणींनी ती कोणी न शिकवता वापरली आहे. त्यांना कोणी प्रमाणपत्र दिले नाही, एवढेच.

मोठ्या कामांवर मात्र या प्रमाणपत्राला भाव आहे. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला होत जून २०२५ मध्ये तो पूर्ण झाला. अशा रस्त्यांवर खडी पसरायला, सळई बांधायला, फार तर मजुरांची हजेरी घ्यायला आमची माणसे असतात. वेळापत्रक आणि खर्चाचा अंदाज जेथे बसतो त्या खोलीत ती क्वचितच दिसतात. त्या खोलीत आमच्या मुला-मुलींनी जावे, असे आम्हाला मनापासून वाटते. म्हणूनच चुकीच्या दाराशी पैसे देऊ नयेत.

पी.एम.पी. ही परीक्षा पी.एम.आय. नावाची अमेरिकन संस्था घेते. संस्था १९६९ सालची, परीक्षा १९८४ पासूनची. प्रमाणपत्र ही संस्था देते, क्लासवाला नव्हे. क्लासवाला फक्त शिकवणीचे तास विकतो. परीक्षेला बसण्यासाठी असे ३५ तास दाखवावे लागतात, हे खरे. पण त्याबरोबर अनुभवही दाखवावा लागतो, आणि फोनवर हे बहुधा कोणी सांगत नाही. पदवीधराला प्रकल्प चालविल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव हवा. पदवी नसलेल्या बारावीवाल्याला ६० महिन्यांचा. एकाच वेळी दोन कामे सांभाळली तरी महिना एकदाच मोजतात. झरीच्या मुलाची तीन वर्षे झाली आहेत. म्हणजे चाळीस हजार आज भरले तरी त्याला परीक्षेला बसता येणार नाही. शिवाय परीक्षेची फी वेगळी, ती डॉलरच्या हिशेबाने ठरते आणि तीही काही दहा हजारांच्या घरात जाते. ती क्लासच्या फीमध्ये धरली आहे की नाही, हे लेखी विचारावे. तोंडी 'हो' ला अर्थ नाही.

आता तास स्वस्तात कसे मिळतील ते सांगतो. केंद्र सरकारने २०१७ मध्ये 'स्वयम्' सुरू केले. त्यावर आय.आय.टी.च्या प्राध्यापकांचे एन.पी.टी.ई.एल. अभ्यासक्रम असतात. रुरकीच्या आय.आय.टी.चा 'प्रोजेक्ट मॅनेजमेंट फॉर मॅनेजर्स' हा त्यातलाच. नाव नोंदविणे, व्याख्याने ऐकणे, दर आठवड्याचा गृहपाठ सोडविणे, सगळे फुकट. प्रमाणपत्र हवे असेल तर केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची, तिची फी एका विषयाला एक हजार रुपये. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना ती निम्मी आहे. १९९० च्या कायद्याने बौद्धांचा समावेश अनुसूचित जातींत झाला, तेव्हा आपल्या मुलांनी ही सवलत जरूर घ्यावी. त्यासाठी जातीचा दाखला हाताशी असू द्या. ऐन वेळी तहसीलचे हेलपाटे घालण्यात नोंदणीची तारीख निघून जाते. गृहपाठाचे २५ गुण आणि परीक्षेचे ७५. पास होण्यासाठी गृहपाठात १० आणि परीक्षेत ३० तरी पाहिजेत. गृहपाठ चुकवून परीक्षेवर भरवसा ठेवणाऱ्याची फी येथे वाया जाते.

बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम सुमारे ३० तासांचा धरतात, आठ आठवड्यांचा २० तासांचा. ३५ ला कमी पडले तर चार आठवड्यांचा एखादा जोडविषय घ्यावा. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. नुसते व्हिडिओ पाहिले किंवा पुस्तक वाचले तर ते तास पी.एम.आय. धरीत नाही. घरून केलेल्या अभ्यासक्रमाच्या शेवटी परीक्षा असलीच पाहिजे. गुगल कंपनीने २०२१ मध्ये कोर्सेरावर आणलेला प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा अभ्यासक्रमही चालतो. त्याचे पैसे महिन्याच्या हिशेबाने द्यावे लागतात, म्हणजे रेंगाळाल तितके महाग. सवलतीचा अर्ज करता येतो, तो आधी करावा.

दिवसभर राबणाऱ्याने शिकायचे केव्हा, असे कोणी विचारील. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले तेव्हा नोकरी करणाऱ्या तरुणांना सकाळी शिकून कामावर जाता यावे, अशी सोय बाबासाहेबांनी केली होती. आज तीच सोय मोबाईलमध्ये आली आहे. मात्र रात्री दहानंतर साईटवरच्या पत्र्याच्या खोलीत बसून इंग्रजी व्याख्यान ऐकणे सोपे नाही, हेही आम्हाला माहीत आहे. दोघा-तिघांनी मिळून ऐकले तर निभावते.

तास असे पाचशे-हजार रुपयांत मिळतात. खरी अडचण अनुभवाची आहे. अनुभव आमच्या मुलांकडे असतो, त्याचा कागद नसतो. ठेकेदाराच्या हाताखाली तीन-तीन वर्षे साईट सांभाळतात, पगार रोखीने घेतात, नेमणुकीचे पत्र कोणी मागत नाही आणि कोणी देत नाही. पी.एम.आय. काही अर्ज तपासणीसाठी काढते. मग कोणत्या कामावर, कधीपासून कधीपर्यंत, काय जबाबदारी होती, यावर वरिष्ठाची सही आणावी लागते. ठेकेदार तोवर दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला असतो. म्हणून आजपासून एक वही ठेवा. कामाचे नाव, सुरू झाल्याची तारीख, संपल्याची तारीख, हाताखाली किती माणसे, किती रकमेचे काम, साहेबांचे नाव आणि फोन, सगळे त्यात लिहा. नेमणुकीचे पत्र मागा. भविष्य निर्वाह निधी कापला जातो का ते विचारा, कारण त्या पासबुकात मालकाचे नाव आणि महिने दोन्ही येतात. हे मागताना ठेकेदार तोंड वाकडे करील, काही जण कामावरून काढण्याची भीतीही घालतील. त्यामुळे एकट्याने न मागता चौघांनी मिळून मागावे. खोटे अनुभवपत्र करून देणारेही भेटतात. त्यांच्या नादी लागू नये. तपासणीत ते उघडे पडते, आणि भरलेले पैसे व नाव दोन्ही जाते.

ज्यांना अनुभव अजिबात नाही त्यांच्यासाठी त्याच संस्थेची सी.ए.पी.एम. नावाची धाकटी परीक्षा आहे. तिला बारावी आणि २३ तासांची शिकवणी पुरते. पण नुकत्याच बी.कॉम. झालेल्या मुलीने लगेच तिचीही फी भरावी, असे आम्ही म्हणणार नाही. तलाठी किंवा लिपिकाच्या भरतीत हे प्रमाणपत्र कोणी विचारीत नाही. तेथे एम.एस.सी.आय.टी. आणि टंकलेखन लागते. खाजगी कंपनीत प्रकल्पाच्या कामावर जायचे पक्के असेल तरच या वाटेला जावे. तोपर्यंत स्वयम् चा अभ्यासक्रम आणि एक्सेलवर चांगला हात एवढे पुरे.

पी.एम.पी.च्या परीक्षेत १८० प्रश्न असतात आणि मराठीतून ती देता येत नाही. इंग्रजी वाचण्याचा सराव वर्षभर आधी सुरू करावा. एका वर्षाच्या मुदतीत तीनदा बसता येते, मात्र प्रत्येक वेळी फी पडते. घरी संगणकापुढे बसूनही परीक्षा देता येते. त्यासाठी बंद खोली लागते, कॅमेरा चालू ठेवावा लागतो आणि दुसरे माणूस आत आलेले चालत नाही. दोन खोल्यांच्या घरात, लाईट केव्हा जाईल याचा नेम नसताना, हा धोका पत्करू नये. पुण्यात परीक्षा केंद्र आहे. आदल्या रात्रीच्या गाडीने परभणीहून निघावे, पासपोर्ट किंवा दुसरे फोटोचे ओळखपत्र बरोबर घ्यावे, आणि त्यावरचे इंग्रजी नाव अर्जातल्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळते का, हे अर्ज भरतानाच पाहून ठेवावे.