थांब्यावर माणूस हवा

पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल देहूरोड सोडते आणि तळेगावच्या आधी दोन लहान स्थानकांवर थांबते: बेगडेवाडी आणि घोरावाडी. एक्सप्रेस गाड्या इथून थेट पुढे जातात. १९७८ साली सुरू झालेली ही लोकलच इथल्या कामगारांचा आणि कॉलेजच्या मुलांचा आधार. अशा स्थानकांच्या सोयींचा विषय निघाला की आपण शेड, बाकडी, नळ, दिवे मोजतो. ते सगळं हवंच. पण लहान स्थानकाची पहिली सोय म्हणजे तिथला माणूस, आणि काटकसरीत सगळ्यात आधी जातो तोच.

देशभरातल्या कित्येक हॉल्टवर स्टेशनमास्तर नसतो. तिकीट विकायला रेल्वे स्थानिक हॉल्ट एजंट नेमते. त्याला पगार नसतो, विकलेल्या तिकिटांवर कमिशन मिळतं. २०१४च्या अखेरीस मुंबईत यूटीएस ॲप आलं आणि हळूहळू तिकीट मोबाइलवर गेलं. प्रवाशाची रांग वाचली, हे चांगलंच झालं. पण मोबाइलवर काढलेल्या प्रत्येक तिकिटागणिक एजंटची कमाई घटते. त्याला परवडेनासं झालं की खिडकी बंद होते. मग साधा फोन वापरणाऱ्या आजीबाईंनी तिकीट काढायचं कुठून? विनातिकीट सापडल्या, तर भाड्यावर किमान २५० रुपये दंड आहेच.

प्रश्न तिकिटापुरताही नाही. गाडी रद्द झाली तर सांगायचं कोणी? शेवटच्या लोकलने एकटी उतरलेली मुलगी कोणाला हाक मारणार? रूळ ओलांडताना कोणी पडलं, तर धावत कोण येणार?

हा प्रश्न श्रीमंत देशांनाही सुटलेला नाही. २०२३मध्ये इंग्लंडमध्ये बहुतेक रेल्वे तिकीटखिडक्या बंद करण्याचा प्रस्ताव आला. अपंगांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला, सुमारे साडेसात लाख प्रतिक्रिया आल्या आणि ऑक्टोबरअखेर सरकारला प्रस्ताव मागे घ्यावा लागला. तिथल्या प्रवाशांनीही यंत्रापेक्षा माणूसच मागितला.

आपल्याकडे उपाय अवघड नाही. पूर्वी रेल्वे स्थानकांची वर्गवारी केवळ उत्पन्नावर करत असे. २०१७ पासून प्रवासीसंख्याही धरली जाते. तोच न्याय हॉल्ट एजंटला लावावा. त्याचा मोबदला विकलेल्या तिकिटांवर न ठरवता तिथून चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसांवर ठरवावा, आणि त्यात किमान ठरावीक रक्कम असावी. बदल्यात पहिल्या लोकलपासून शेवटच्या लोकलपर्यंत आळीपाळीने कोणीतरी हजर असावं, दिवे आणि पाणी यांची जबाबदारी त्याच्याकडे असावी, आणि जवळच्या मोठ्या स्थानकाशी थेट बोलता येईल असा फोन त्याच्या हाताशी असावा. हे काम महिला बचत गटांकडेही देता येईल.

प्रवासी संघांनी शेड आणि पंख्यांच्या मागण्या जरूर लावून धराव्यात. पण पुढच्या निवेदनात पहिली ओळ माणसाची असू द्या. तो असला, तर बंद पडलेला दिवा त्याच दिवशी कोणाच्या तरी लक्षात येईल.